आक्षेप क्रमांक चौदा

रुजू झाले त्या दिवशी साहेब म्हणाले,
आडनाव टिपणीस? मग तुम्ही जन्मतःच लेखापरीक्षक.
मी हसले नाही. नवीन होते,
आणि हसणं कुठल्या लेखाशीर्षाखाली टाकतात
ते अजून कळलं नव्हतं.

नेरूळच्या खालच्या अंगाला, खाडीकडे पाठ करून
एक धारण तलाव आहे.
भरतीला दारं मिटतात, शहराचं पाणी तो पोटात धरतो,
ओहोटीला सोडून देतो.
म्हणजे, नकाशात तसं आहे.
त्या वर्षी त्याचा गाळ काढला :
मोजमाप पुस्तक सहाशे सात, पान एकतीस ते चाळीस,
लांबी, रुंदी, खोली, गुणाकार,
सुबक अक्षर, खाली तीन सह्या.
दहा पानांत चिखलाचा एक डाग नाही.
मला संशय आला तो तिथे. आकडे तर जुळत होते.

कनिष्ठ अभियंता म्हणाला, मॅडम,
पाण्याखालचं आता कसं मोजणार?
करावे गावचे काशा तांडेल बांधावर बसले होते
चिंबोऱ्यांची पगोळी सोडत.
काय मोजतंस गो बाय, म्हणाले,
आणि होडीतला बांबू माझ्या हातात दिला.
पाणी दोन मीटर असायला हवं होतं.
बांबू भिजला ब्याऐंशी सेंटिमीटर,
तिथे त्यांनी कोयत्यानं खाच पाडली.
गाल कारला म्हंतान? जल्ला,
जवरा व्हता तवराच हाय.
त्यांचं म्हणणं लिहायला माझ्या प्रपत्रात रकाना नव्हता.

आक्षेप क्रमांक चौदा.
रुपये एक कोटी बारा लाख, वसूलपात्र.

पहिल्या वर्षी उत्तर आलं : खुलासा मागवला आहे.
दुसऱ्या वर्षी : संबंधितांची बदली झाली आहे.
मग : काढलेला गाळ भरतीबरोबर परत आला असावा.
मग : मूळ अभिलेख तळमजल्यावर होते,
जुलैच्या पुरात भिजले.
हे मी दोनदा वाचलं.
तलाव ज्या पाण्यासाठी खणला, त्याच पाण्यात.
यांना विनोद कळत नाही,
की माझ्यापेक्षा जास्त कळतो?

त्याच आठवड्यात माझं प्रवास देयक परत आलं :
नेरूळ स्थानक ते तलाव, रिक्षा, चौतीस रुपये,
पावती जोडलेली नाही, सबब नामंजूर.
खरं सांगते, बरं वाटलं.
कुठेतरी कुणीतरी काटेकोर होतं.

नवव्या वर्षी कोकण भवनात बैठक.
चाळीस मिनिटांत एकसष्ट आक्षेप, मध्ये चहा,
काजूची बिस्किटं.
चौदा आला तेव्हा कुणीतरी साखर मागत होतं.
बाब जुनी झाली असल्याने वगळण्यात येत आहे.
उपस्थितांच्या यादीत माझीही सही आहे.
थरथरलेली वगैरे नाही. नेहमीसारखी.

निवृत्त झाल्यावर बांबू परत द्यायला करावे गावात गेले.
तांडेल नव्हते. सून म्हणाली, ऱ्हावंदे तुमच्याकडंच.
जिन्यात मावेना म्हणून वरून कापला, खाच वाचवून.
दारामागे असतो. बहीण त्यानं जळमटं काढते.
घरपट्टी मी पहिल्याच आठवड्यात भरते, सूट मिळते;
त्यात मलनिःसारण कर वेगळा दाखवलेला असतो,
तो मी दर वेळी बोट ठेवून वाचते.

गेल्या जुलैत रात्री सव्वातीनला
पाणी सोसायटीच्या जिन्यात आलं.
खालच्या कारखानीसांची मुलं गाद्या वर आणत होती,
कुणी महामंडळाला शिव्या देत होतं, कुणी देवाला.
मी बांबू घेऊन उतरले, पहिल्या पायरीवर उभा केला.
एकवीस सेंटिमीटर.
वर येऊन वहीत तारीख घातली, वेळ घातली.
कुणी विचारलं नव्हतं.
शेऱ्याच्या रकान्याशी थांबले,
तेवढ्यात ओल्या हाताचा मातकट डाग पडला पानावर.
तो मी पुसला नाही.